तेजोमतीचा रंग

धावडा, ता. भोकरदन
२७ सप्टेंबर १९९९

प्रिय बेबी,

तुला तुझ्या आबाचे पोटभर आशीर्वाद. परवा फोनवर मी तुझ्याशी नीट बोललो नाही, तेव्हापासून जिवाला चैन नाही. रामकिसनच्या एसटीडीच्या खोक्यात शिरलं की मला तसंही गुदमरतं. बाहेर बाकावर चार जण बसलेले, सगळ्यांचे कान आत, आणि दार उघडं ठेवावं तर रस्त्यावरच्या ट्रकांत तुझा आवाज बुडतो. त्यात तू रडत होतीस. मला एवढं कळलं की कंपनीवाल्यांनी तेजोमतीच्या टीव्ही मालिकेचं काम थांबवलं आहे आणि दसरा झाला की ठरवणार आहेत, तुलाच ठेवायचं की दुसरी मुलगी घ्यायची. वाचकांची पत्रं आली, तुझा चेहरा चित्रांच्या अंकातल्या तेजोमतीशी जुळत नाही म्हणतात. आणि त्यातलं एक पत्र आपल्याच भागातून गेलेलं, खाली सह्याच सह्या. तू विचारलंस, "आबा, कोण असंल हो? मी कुणाचं काय वाईट केलं?" त्यावर मी काय म्हणालो, तर "जेवलीस का?" आणि फोन ठेवला. घरी येऊन दाराला कुलूप आहे ना ते दोनदा पाहिलं. तुझी आजी तर आतच बसलेली होती.

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. हिरवी पट्टी बांधून ओसरीवर बसते आणि म्हणते, एका डोळ्यानं मला आता जास्त दिसून राह्यलं. ते खरं असावं, कारण मी फोनवरून आलो तशी ती म्हणाली, "तोंड असं का झालंय? काही केलं का तुम्ही?" मिरची यंदा बरी आहे, पहिला तोडा झाला, पण पानं आकसायला लागली की माझी झोप उडते. बद्रीनाथ दर शनिवारी जालन्याहून येतो. तुझा बाप तुझ्याशी फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही, पण तुला सांगतो, तुझा फोटो आलेलं ते अंकाचं मागचं पान त्यानं डब्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीसमोरच्या माणसांना दाखवतो. एकानं विचारलं म्हणे, ही तुझी पोरगी तलवार घेऊन कुणाला मारायला निघाली? तर तो म्हणाला, तुझ्यासारख्यांना.

बेबी, तेजोमतीशी माझी ओळख तुझ्यामुळं झाली हे तुला माहीत आहे, पण किती झाली ते कदाचित माहीत नसेल. मी निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शिकलो, तेही उर्दूत. पुढं बाळबोध अक्षर वाचायचं म्हटलं की दुकानाच्या पाट्यांपलीकडं माझी मजल जात नव्हती. चौऱ्याऐंशी साली जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागलो, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. शनिवारी गावाकडं येताना बसस्टँडसमोरच्या दुकानातून तुझ्यासाठी तेजोमतीचा अंक आणायचो. हिंदीत असायचा. तू मांडीवर बसून फुग्यांतली वाक्यं वाचायचीस आणि मी तुझ्या बोटामागून डोळे फिरवायचो. अशी माझी अक्षरं पक्की झाली. पुढं पुढं तर एसटीतच मी अर्धा अंक वाचून काढायचो आणि घरी आल्यावर तुझ्याबरोबर पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं करायचो. सात दरवाजांचं ते राज्य, दर दरवाजाला एक राक्षस, आणि त्या सगळ्यांतून एकटी निघालेली राजकन्या तेजोमती. सोनेरी केस, निळे डोळे, रंग मैद्यासारखा. धावड्यात तसं माणूस कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणूनच ती आम्हाला राजकन्या वाटायची.

तू बाजेवर उभी राहायचीस, हातात आजीचं लाटणं. मी तिसऱ्या दरवाजाचा राक्षस. बाकीची पोरं राक्षसाला बडवायला बघायची, पण तू लाटणं खाली ठेवून माझ्या पायातला काटा काढायला बसायचीस, कारण अंकात तेजोमती तसंच करते. मी म्हणायचो, अगं काटा न्हाईच रुतलेला. तर म्हणायचीस, "असतोच आबा, राक्षस लंगडून चालतो नं." मग मला लंगडावं लागायचं. गुडघे दुखायचे, तरी लंगडायचो.

आणि तो चहाचा प्रकार. तू तिसरीत होतीस. मी आलो तर अकरा अंक अंगणात वाळत घातलेले आणि सगळ्यांत तेजोमतीचं तोंड तपकिरी. तू चहाची पत्ती उकळून, काडीला कापूस गुंडाळून, एकेक चित्र रंगवलं होतंस. हात, गळा, पाय, काही सोडलं नव्हतं. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडलो, "तेजोमती अशी असती का कधी?" तू रडली नाहीस. म्हणालीस, "मंग मी कशी होऊ तेजोमती?" संध्याकाळी बाजारात नेऊन गोडी शेव घेऊन दिली आणि विषय संपवला.

यंदा श्रावणात तो अंक आला, ज्याच्या मागच्या पानावर तुझा फोटो. अंगात चिलखत, केस मोकळे आणि काळे, खडकावर उभी. खाली छापलं होतं, ही आमच्या मालिकेतली तेजोमती, कशी वाटली ते वाचकांनी लिहून कळवावं. रामकिसननं तो अंक मला आणून दिला. मी पान उघडलं आणि पहिल्यांदा छाती भरून आली. दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. आणि तिसऱ्या क्षणी, हे लिहिताना लाज वाटते, मी जुना अंक काढून शेजारी ठेवला आणि शिंपी माप घेतो तसा एकेक गोष्ट मोजायला लागलो. केस जुळले नाहीत. डोळे जुळले नाहीत. रंग तर नाहीच नाही. तू म्हणाली होतीस की तुमच्या डायरेक्टर साहेबांना मुद्दाम आपल्या मातीतली दिसणारी मुलगी पाहिजे होती, सोनेरी केसांचा टोप घालायला त्यांनीच नकार दिला. ते मला फोनवर पटलं होतं. पण ज्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट मनापासून वाचली, त्याला तिच्यातली रेघसुद्धा हललेली सोसत नाही. मला माझी तेजोमती होती तशी पाहिजे होती आणि तूही तिथं पाहिजे होतीस. दोन्ही कसं जमणार, हे काही मला कळेना.

आता तुला एक जुनी गोष्ट सांगतो. तुला ती माहीत नसणार, कारण आपल्या आळीतली सोंगं तू सहा वर्षांची असतानाच बंद पडली, आणि त्यातला दुसऱ्या दिवशीचा भाग बायका-मुलींनी पाहायचा नसे. चैत्रात तीन दिवस सोंगं निघायची. देवीचं सोंग आपल्या घराण्याकडं. मी बावीस वर्षं देवी झालो. हिरवं लुगडं, हळदीनं माखलेलं तोंड, कपाळभर कुंकू. वडील हयात असेपर्यंत मिशी उतरवायची नाही, म्हणून माझ्या मिशीवर कणकेचा लेप द्यायचे आणि त्यावर हळद. ढोल वाजायला लागला की घामानं कणीक सुटायची आणि अर्धी देवी मिशाळ व्हायची. तरी बायका पायावर लेकरं घालायच्या. सोंग उतरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुरुष पारावर जमायचे आणि सोंग घेतलेल्याला नावं ठेवायचे. देवी चालत होती का म्हैस? हा काय आवाज, का गाडीचं चाक? तलवार धरली का झाडू? ज्यानं सोंग घेतलं त्यानं मान खाली घालून सगळं ऐकायचं आणि शेवटी सगळ्यांना गूळ वाटायचा. ही दृष्ट काढायची रीत. सोंग जेवढं चांगलं, नावं तेवढी जास्त. आणि नावं ठेवताना, हा माझा भाऊ, हा माझा चुलता, असं नातं सांगायचं नाही. परका म्हणून बोलायचं. आणखी एक नेम होता. जे माणसाला बदलता येतं त्यालाच नाव ठेवायचं. चाल, आवाज, लुगडं नेसणं. उंची, नाक, रंग यांना नाही. ती मग शिवी होते.

माझा धाकटा भाऊ भिवा नरसिंह व्हायचा. बासष्ट साली त्यानं असं सोंग घेतलं की खांबामागून तो बाहेर पडला तेव्हा माणसं खरोखर मागं सरली. दुसऱ्या दिवशी पारावर कुणाच्या तोंडून शब्द निघेना. म्हणाले, याला काय नाव ठेवायचं? मीसुद्धा ठेवलं नाही. भिवा हसत हसत गूळ वाटून आला. तिसऱ्या आठवड्यात त्याला कावीळ झाली आणि पुढच्या अमावास्येला तो गेला. डॉक्टर म्हणाले पाणी खराब होतं. असेल. पण बेबी, तेव्हापासून मला चांगल्या गोष्टीची भीती बसली ती बसलीच. तसा तर मी जन्मापासूनच त्या भीतीतला. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून माझं नाव कडूबा ठेवलं, की काळानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. तुझ्या बापाला मी कधी शाबास म्हटलं नाही. तू दहावीला तालुक्यात तिसरी आलीस तेव्हा मी म्हणालो, गणितात मार्क कमी पडले. तू त्या दिवशी जेवली नव्हतीस.

आता सांगून टाकतो. ते सह्यांचं पत्र धावड्याचं आहे. तुझा फोटो आल्यावर पारावर सगळे जमले आणि आळीतला भुजंग म्हणाला, "आपली पोरगी एवढी मोठी झाली, आता हिला नावं कोण ठेवणार? सारा देश पाहून राह्यला तिच्याकडं." मला भिवा आठवला. मीच म्हणालो, आपणच ठेवू, पत्रानं ठेवू. सोळा वर्षांनी तशी सकाळ आली होती, माणसं अगदी खुलली. एक म्हणाला, लिहा, खडकावर अशी उभी जशी शेळी चुकून चढली. दुसरा म्हणाला, चिलखत ढगळ, आतून दोन पायल्या ज्वारी मावंल. तलवार धरायची रीत चुकली, हनुवटी फार वर. लोक हसून हसून लोळत होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यात तू होतीस. रामकिसननं ते हिंदीत उतरवलं. त्याला वाटलं कंपनीला लिहायचं तर कडक पाहिजे, म्हणून हसणं गाळलं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'घोर निराशा' लिहिलं. रीतीप्रमाणं कुणी लिहिलं नाही की ही आमची मुलगी आहे. छप्पन्न सह्या झाल्या. आम्हाला बिलकुल वाटलं नाही की मुंबईत ते कुणी खरं धरील. वाटलं, नावं ठेवली, दृष्ट उतरली, काम झालं. तुझ्या फोननंतर आजीनं माझ्याकडून हे सगळं काढून घेतलं. पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बावीस वर्षं देवी झालता तुम्ही. देवीला मिशा व्हत्या का?" मग म्हणाली, "तवा कुणी म्हणलं का, ही देवी चित्रातल्यासारखी न्हाई, हिला काढा?" आणि भाकरीचं ताट माझ्यापुढं ढकलून कूस बदलून झोपली.

पण खरी गोष्ट अजून पुढंच आहे, आणि ती सांगता यावी म्हणून मी दोन दिवस हे पत्र लिहितो आहे. पारावरच्या लोकांनी नेम मोडला नाही. मी मोडला. त्या पत्रातलं पहिलं वाक्य माझं आहे. 'तेजोमती गोरी आहे, ही मुलगी काळी आहे, आम्हाला ही तेजोमती म्हणून नको.' रामकिसन म्हणाला, "आबा, हे राहू द्या, रंगाला नाव न्हाई ठेवत." मी म्हणालो, "लिही." ती दृष्ट काढणं नव्हतं, बेबी. थोडा अंकाचा हट्ट होता, आणि थोडी ही भीती की मुंबईचे लोक तुला हसतील, तर त्यांनी हसायच्या आधी आपणच म्हणून टाकावं. माझा रंग तुझ्यात उतरला आहे, आणि त्या रंगावरून मी जन्मभर काय काय ऐकलं ते तुला कधी सांगितलं नाही. बाकीची पन्नास वाक्यं सोडून कंपनीनं नेमकं तेच वाक्य उचललं असणार. आज सकाळी उजेडात मी ट्रंक उघडली. चहानं रंगवलेले ते अकराही अंक तसेच आहेत. मी ते पहिल्या पानापासून वाचले. तपकिरी तेजोमती त्यात कुठंही अडत नाही. दरवाजे उघडतात, राक्षसाचा काटा निघतो, गोष्ट पूर्ण होते. चौदा वर्षांपूर्वी तू मला हेच विचारलं होतंस आणि मी शेव घेऊन दिली. कंपनीला मी माझ्या हातानं, मला येते तशा हिंदीत, दुसरं पत्र टाकलं आहे आणि खाली फक्त माझं नाव घातलं आहे. पण ते लोक अशा म्हाताऱ्याचं चार ओळींचं पत्र धरतील की नाही, भरवसा नाही. म्हणून हे तुझं पत्र मुद्दाम इतकं लांब लिहिलं, सोंगांची रीत, भिवा, सगळं फोडून सांगितलं. हे तू डायरेक्टर साहेबांना वाचून दाखव. आबाची लाज जाईल म्हणून कुठलंही वाक्य गाळू नकोस, माझं पहिलं वाक्य तर मुळीच नको. दसऱ्याच्या आत दाखव, जल्दी कर. ते बोलावतील तर मी बद्रीनाथला घेऊन येतो आणि त्यांच्यासमोर उभा राहून सांगतो. औरंगाबादच्या पुढं मी कधी गेलो नाही, पण येईन. आणि त्यांनी तरीही दुसरी मुलगी घेतली, तर ते माझ्यामुळं झालं हे तू धरून चाल, स्वतःत खोट शोधू नकोस. तू रागावून उत्तर दिलं नाहीस तरी मी रोज पोस्टाकडं चक्कर मारीन, ते माझं मी बघीन. आता एक शेवटचं. तीनदा पेन खाली ठेवलं, पण लिहितो. त्या फोटोत तू फार सुंदर दिसतेस, पोरी. हनुवटी वर आहे ती तशीच राहू दे. मी कितीतरी वेळ बघत बसलो, आणि त्यात नाव ठेवण्यासारखं मला काही सापडलं नाही.

तुझाच,
आबा
(कडूबा रखमाजी, धावडा)